टूलरूममधल्या सरांना उघडं आभार पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

वाळूज एमआयडीसीतल्या टूलरूममधली, म्हणजे साचे आणि डाय बनवणाऱ्या विभागातली, ड्युटी सांभाळून तुम्ही आमच्या नववी-दहावीच्या पोरांना वेळ दिलात. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत इतर शाळांनीही उचलावी असं आम्हाला वाटतं.

कंपनी दाखवायची म्हणजे साठ पोरं बसमध्ये घालायची, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालवायची आणि चहा-बिस्कीट देऊन परत आणायची, अशीच रीत पडली आहे. मशीनच्या आवाजात मागच्या रांगेतल्यांना काही ऐकू येत नाही, आणि समोर काय चाललंय हे आधी माहीत नसल्यामुळे विचारायलाही काही सुचत नाही. तुम्ही क्रम उलटा केलात. आधी वर्गात पार्ट आणलेत, ते हातात दिलेत, मोजायला लावलेत. शॉपमध्ये नेलंत ते नंतर, तेही आठ-आठच्या गटात, प्रत्येक गटाला एक व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर ही बारीक मापं घेण्याची साधनं देऊन. व्हर्नियर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर 0.01 पर्यंत. एकच पिन आठ जणांनी मोजली की आठ आकडे येतात. ते का येतात, जबडा किती दाबायचा, मायक्रोमीटरला दाब सारखा ठेवणारं रॅचेट कशासाठी असतं, हे तुम्ही तिथंच करून दाखवलंत.

शिलाई मशीनच्या सुयांचा प्रयोग तर प्रत्येक शाळेत व्हायला हवा. तीन सुया लाल होईपर्यंत तापवायच्या. पहिली हवेत सावकाश थंड करायची. ती वाकते, पण मोडत नाही. दुसरी लालच्या लाल पाण्यात बुडवायची. ती वाकवायला गेलं की काडकन तुटते. तिसरी तशीच पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने चकचकीत करायची आणि निळसर रंग येईपर्यंत, म्हणजे साधारण 300 अंशांपर्यंत, हलकेच पुन्हा तापवायची. ती वाकून परत सरळ होते. सुई बारीक असल्याने ज्योतीपासून पाण्यापर्यंत नेतानाच निवते आणि मग कडक होत नाही, म्हणून पाण्याची वाटी अगदी ज्योतीला लागून ठेवायची. तोडताना ती फडक्यात धरायची आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण तुकडा उडतो. साधी तार घेऊन हा प्रयोग फसतो, तिच्यात कार्बन फार कमी असतो. गावातला लोहार खुरप्याला पाणी देतो ते याच तत्त्वावर, हे कळल्यावर पोरांनी लोहाराला जे प्रश्न विचारले ते ऐकण्यासारखे होते.

प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावरून तुम्ही शेकडेवारी शिकवलीत. डब्यांचं नेहमीचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं, म्हणून 100 मिलिमीटरच्या झाकणासाठी साचा 101.5 मिलिमीटरचा करावा लागतो. त्याच साच्यात एबीएस हे दुसरं प्लास्टिक ओतलं तर ते अर्धा टक्काच आकसतं आणि झाकण जवळजवळ एक मिलिमीटर मोठं निघतं. डब्यावर बसतच नाही. साचा तोच, मशीन तेच, फक्त प्लास्टिकचा दाणा बदलला. मटेरियल आधी ठरवायचं आणि डिझाइन त्यावरून करायचं, हे यापेक्षा सोपं करून कुणी सांगेल असं वाटत नाही.

पुढची वाटही तुम्ही न रंगवता सांगितलीत. दहावीनंतर थेट हेल्पर म्हणून ठेकेदाराकडे गेलेला मुलगा बहुतेक वेळा मशीनवर पार्ट लावत-काढत राहतो. ड्रॉइंग वाचता येणाराच सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, होतो. आयटीआयला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा, तर सीपेट या प्लास्टिकच्या केंद्रीय संस्थेमध्ये प्लास्टिक आणि मोल्ड टेक्नॉलॉजीचे तीन वर्षांचे डिप्लोमा दहावीवर करता येतात. धातूंचाच अभ्यास करायचा असेल तर बारावी सायन्सनंतर पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. शिफ्ट, उभ्याने काम, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंट तेलाचा वास, यातलं काही तुम्ही लपवलं नाही. मुलींच्या पालकांना तुम्ही कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याचा, आणि तपासणी विभाग आवर्जून दाखवलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. घरी ‘कारखान्यात पोरीचं काय काम’ म्हणणाऱ्यांना आता निदान विचारायला प्रश्न तरी आहेत.

एक विनंती. पुढच्या वर्षी आयटीआयचे फॉर्म सुटायच्या आधीच या, म्हणजे पोरांना ट्रेड निवडताना उपयोग होईल. तुम्ही दिलेल्या नमुन्यांच्या खोक्यात ओतकामाचा पार्ट आणि बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धारदार कोर, आलेला प्रेस पार्ट नाही. ते आम्ही गॅरेज आणि भंगारवाल्याकडून जमवून ठेवतो. सुया आणि गॉगलही शाळेतून घेतो. तुम्ही फक्त तारीख कळवा.

आपले,
गंगापूर तालुक्यातले विज्ञान शिक्षक