‘परत बाई?’ विचारणाऱ्या अभयला

शेफील्ड,
८ जून २०२५

प्रिय अभय,

तुझा मेसेज मिळाला. गेल्या शनिवारी ‘डॉक्टर हू’ मालिकेत शूटी गॅटवाचा डॉक्टर, दर वेळी शरीर पालटून नव्या नटाच्या रूपात येणारा आपला कालप्रवासी, सोनेरी उजेडात दिसेनासा झाला, त्याच्या जागी बिली पायपर उभी राहिली, आणि थोड्याच वेळात तुझं वाक्य येऊन पडलं: ‘परत बाई? पहिलीने मालिका बुडवली ते पुरलं नाही वाटतं.’ बिली पायपर डॉक्टर आहे असं श्रेयनामावलीत कुठेही लिहिलेलं नाही. ती नक्की कोण, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पण तू निकाल देऊन मोकळा झालास.

फोनवर हा विषय काढला असता तर आपण नेहमीसारखे एकमेकांवर ओरडलो असतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्या पहिलीवर, म्हणजे पहिली बाई डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकरवर, अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. ‘डॉक्टर हू’ची इतकी पारायणं केलेला तुझ्यासारखा माणूसही तो करतो, याचं वाईट वाटतं.

१६ जुलै २०१७ चा रविवार आठवतो का? विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत फेडररने जिंकली आणि त्यानंतर बीबीसीने ती छोटी चित्रफीत दाखवली. रान, टोपीखाली चेहरा झाकून चालणारी एक व्यक्ती, उघडलेल्या तळहातावर टार्डिसची, डॉक्टरच्या कालयानाची, किल्ली, मग टोपी मागे सरकते आणि व्हिटेकरचा चेहरा दिसतो. एका लहान मुलीने ते पाहताना केलेला आरडाओरडा तिच्या घरच्यांनी टिपला होता. नवा डॉक्टर मुलगी आहे म्हणून ती नाचत होती. त्याच आठवड्यात इथल्या काही टॅब्लॉइडांनी व्हिटेकरच्या जुन्या चित्रपटांतले उघडे फोटो शोधून छापले. आधीच्या एकाही डॉक्टरचं स्वागत असं झालं नव्हतं. बीबीसीकडे तक्रारी गेल्या आणि उत्तरादाखल त्यांना आठवण करून द्यावी लागली की १९६६ पासून हे पात्र बदलतच आलेलं आहे. व्हिटेकरने स्वतः चाहत्यांना सांगितलं होतं की माझ्या बाई असण्याला घाबरू नका. भूमिका जाहीर झाली त्याच दिवशी नटीला हे सांगावं लागतं, याचा जरा विचार कर.

पीटर डेव्हिसन, आपला पाचवा डॉक्टर, तेव्हा म्हणाला होता की मुलग्यांच्या हातून एक आदर्श जातो आहे याचं त्याला थोडं वाईट वाटतं. कॉलिन बेकरने, म्हणजे सहाव्याने, ते साफ झटकून टाकलं. त्याच्या मते आदर्श असायला पुरुष असावं लागत नाही. मी कॉलिन बेकरच्या बाजूची आहे, पण डेव्हिसनची काळजी खोटी नव्हती. ठोसे न मारता, बंदूक न उचलता, केवळ डोकं आणि माया यांच्या जोरावर जिंकणारा पुरुष नायक पडद्यावर कितीसा दिसतो? लाजऱ्या, पुस्तकी मुलग्यांना तो हवा असतो. तू तसाच मुलगा होतास. डेव्हिसनला मात्र दोन्ही बाजूंनी इतकं छळलं की तो ट्विटर सोडून गेला. बाई डॉक्टरची बाजू घेणाऱ्यांनी केलेली शिवीगाळही मला तितकीच वाईट वाटली.

पण मग माझ्यासारख्या मुलींचं काय? होस्टेलवर तुझ्या हार्ड डिस्कवरून आपण दहाव्या डॉक्टरचे, टेनंटचे, भाग एकामागून एक पाहायचो, तेव्हा सगळ्यांना वाटायचं की मला रोझ, डॉक्टरची सोबतीण, व्हायला आवडेल. मला रोझ कधीच व्हायचं नव्हतं. मला टार्डिस चालवायची होती. पुरुष नायकात स्वतःला पाहायची सवय आम्हाला लहानपणापासून असते, त्यात आमचं काही अडत नाही. तेवढंच मुलग्यांनाही जमेल, असा माझा विश्वास आहे. जमलंही, माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा कितीतरी दिवस व्हिटेकरसारखे पँटला पिवळे गॅलस लावून हिंडत होता.

तुझा दुसरा मुद्दा, की हे सगळं ‘आजकालचं खूळ’ आहे. अभय, तू ही मालिका माझ्याहून जास्त जाणतोस, म्हणून विचारते. १९६६ मध्ये पहिल्या डॉक्टरची, विल्यम हार्टनेलची, तब्येत ढासळली तेव्हा मालिका बंद पडायची वेळ आली होती. निर्मात्यांनी काय केलं? आजोबांसारखा दिसणारा नायक जमिनीवर कोसळला आणि पॅट्रिक ट्राउटन होऊन उठला. आवाज वेगळा, चाल वेगळी, स्वभावसुद्धा वेगळा. ही एवढी मोठी उडी लोकांनी मान्य केली म्हणून तर मालिका टिकली. १९८० मध्ये टॉम बेकरने निरोप घेताना पुढच्या डॉक्टरला शुभेच्छा दिल्या, तेव्हा ‘तो किंवा ती’ असा उल्लेख जाणून केला होता. ज्यांच्या डोक्यातून ही मालिका निघाली त्या सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्ये बीबीसीच्या मायकल ग्रेडना पत्र लिहून सुचवलं होतं की डॉक्टरला बाई करा. म्हणजे मूळपुरुषानेच सांगितलं होतं! २०११ मध्ये कथेत कोर्सेअर नावाच्या, डॉक्टरच्याच जमातीतल्या टाइम लॉर्डचा उल्लेख आला, जो कधी पुरुष तर कधी बाई असे. २०१४ मध्ये मास्टरची, डॉक्टरच्या जुन्या शत्रूची, मिसी झाली आणि मिशेल गोमेझवर तू जीव टाकलास. २०१५ मध्ये एक गोरा टकला सेनापती आपल्या डोळ्यांसमोर काळी बाई झाला. तेव्हा तुझी तक्रार नव्हती. खलनायक बाई झालेला चालतो, दुय्यम पात्र झालेलं चालतं, मग नायकापाशीच गाडी का अडते?

आणि पायाच बघायचा तर २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग दाखवला गेला तेव्हा निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७. बीबीसीच्या नाट्य विभागातली ती पहिली बाई निर्माती. तिच्या बरोबर दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, पंचविशीही न गाठलेला. जुन्या मुरलेल्या मंडळींत या दोघांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल! ते अंगावर काटा आणणारं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरने लिहिलं, पण टेपचे तुकडे कापून, जोडून, एकेक सूर हाताने बसवून ते घडवलं डेलिया डर्बीशायरने. तिचं नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत यायला २०१३ साल उजाडलं, आणि तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. बाई या मालिकेत बाहेरून घुसली, असं कुणी म्हणालं की मला डेलियाच आठवते.

शिवाय तुला हे अवघड का जावं तेच मला कळत नाही. तुमचं कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. विष्णूचं मोहिनीरूप म्हणून तुम्ही तिला पुजता, तिच्या अंगावर जानवं असतं, आणि तुझी आजी तिला ‘माय’ म्हणत हात जोडायची तेव्हा आतला नारायण कुठे गेला असा प्रश्न तिला पडत नसे. एकच कुणीतरी रूप पालटून येतं, हे तू भाताबरोबर खाल्लेलं आहेस.

आता ‘मालिका बुडवली’बद्दल. ७ ऑक्टोबर २०१८ ला व्हिटेकरचा पहिला भाग १ कोटी ९ लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. त्या संपूर्ण हंगामाची सरासरी ८० लाखांच्या जवळ होती, आणि त्याच्या आधीच्या, म्हणजे तिच्या आधीचा डॉक्टर कपाल्डी याच्या शेवटच्या हंगामाची साधारण ५५ लाख. बाई आली आणि लोक पळाले, हे खरं नाही. बाई आली म्हणून लोक आले. पुढे ते गळत गेले हे खरं आहे, आणि त्याची कारणं मी लपवणार नाही. तेव्हाचा मुख्य लेखक ख्रिस चिबनल याचं लेखन अनेकदा कोरडं होतं. तीन-तीन सोबती एकदम घेतल्यावर कुणालाच पुरती जागा मिळेना. पात्रं प्रसंग जगण्याऐवजी एकमेकांना समजावून सांगत बसायची. ‘स्पायफॉल’च्या दुसऱ्या भागात तर डॉक्टरने मास्टरचा वेषांतराचा पडदा काढून त्याला नाझींच्या ताब्यात दिलं. तो सावळा आहे, साशा धवन आहे, हे नाझींना दिसावं म्हणून! हे कुठल्याच डॉक्टरला शोभलं नसतं, आणि मी तेव्हा टीव्ही बंद करून उठले होते. ‘द टाइमलेस चिल्ड्रेन’मध्ये हार्टनेलच्याही आधी कित्येक रूपं होती असं ठरवून टाकलं, त्यावर चिडलेल्या जुन्या चाहत्यांचं म्हणणंही मला समजतं.

माझं दुखणं इथेच आहे, अभय. या चुका लेखणीच्या होत्या आणि बिल फाटलं नटीच्या नावावर. ज्यांना बाई नको होती त्यांना प्रत्येक फसलेला भाग पुरावा म्हणून मिळाला. ज्यांना बाई हवी होती ते धास्तावले. संवाद वाईट आहेत असं म्हटलं तर आपण त्यांच्या रांगेत जाऊन बसू, म्हणून गप्प राहिले, किंवा जे आवडलं नाही त्याचंही कौतुक करत राहिले. या दोन भिंतींच्या मध्ये व्हिटेकर काय करत होती ते बघायला कुणाला सवडच झाली नाही. कॉलिन बेकरच्या काळातही मालिका गाळात गेली होती, त्याला अपमान करून काढलं होतं. पण त्यावरून पुन्हा कधी पुरुषाला घेऊ नये असं कुणी म्हणालं नाही. पुरुष फसला की तो एकटा फसतो. बाई फसली की सगळ्या बायका फसतात. हा हिशेब मी ऑफिसात रोज बघते, म्हणून इतकी चिडते आहे.

ती काय करत होती ते सांगते. पहिल्याच भागात ती छत फोडून शेफील्डच्या आगगाडीत पडते. अंगात अजून कपाल्डीचा काळा सूट, बाह्या हातांवरून लोंबणाऱ्या, स्वतःचं नाव आठवत नाही. सोनिक स्क्रूड्रायव्हर, डॉक्टरचं नेहमी हाताशी असणारं यंत्र, हरवलेला. मग एका वर्कशॉपमध्ये शिरून ती नवा बनवायला घेते. डोळ्यांवर गॉगल, हातात वेल्डिंगची ज्योत, ठिणग्या उडताहेत, आणि धातू कुठला, तर शेफील्डचं स्टील, चमचे वितळवून काढलेलं. मी या गावात राहते. इथल्या जुन्या लोकांना त्या स्टीलबद्दल काय वाटतं ते मला माहीत आहे. बापजाद्यांनी सुऱ्या-चमचे घडवण्यात हयात घालवलेली, आणि बहुतेक कारखाने आता बंद. आजवरच्या डॉक्टरांना ते यंत्र हातात आलेलं असायचं. ही ते इथल्या चमच्यांतून, हात काळे करून घडवते आणि तयार झाल्यावर त्याच्याकडे अशी पाहते की तेवढ्यासाठी मी तो प्रसंग पुनःपुन्हा लावते. तिचा यॉर्कशरचा हेलही खरा आहे. ती इथलीच, हडर्सफील्डजवळच्या स्केलमनथॉर्पची.

‘डीमन्स ऑफ द पंजाब’ तू अर्धवट सोडलास म्हणालास. विनय पटेलने लिहिलेला भाग आहे तो, ऑगस्ट १९४७ चा. डॉक्टरची सोबतीण यास्मिन, तिची आजी उंब्रीन मुसलमान, नवरा प्रेम हिंदू, आणि फाळणीची रेघ त्यांच्या शेतातून गेलेली. लग्नाच्या आदल्या रात्री बायका मेंदी काढत बसतात आणि डॉक्टर त्यांच्यात हात पुढे करून बसते. पुरुष असताना हे कधी करायला मिळालं नाही, असं किती खुशीत म्हणते! हजारो वर्षं जगलेल्या जिवाला ज्या खोलीत कधी शिरता आलं नव्हतं, त्या खोलीत ती बसली आहे. दुसऱ्या दिवशी लग्न लावतेही तीच. आणि नंतर प्रेमचा सख्खा भाऊ माथेफिरूंना घेऊन येतो, तेव्हा डॉक्टरला काही करता येत नाही. इतिहास बदलला तर यास्मिनच जन्मणार नाही. ती पाठ फिरवून चालू लागते, मागे गोळीचा आवाज येतो, आणि व्हिटेकरच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघ. शेवटी तेच शीर्षकसंगीत हिंदुस्तानी गळ्यातून येतं. तू त्याच्या आधीच उठलास.

‘द विचफाइंडर्स’ हाही जरूर बघ. राजा जेम्स तिला मोजतच नाही, तिचं सगळं बोलणं बरोबरच्या ग्रॅहमला विचारतो. ती वैतागून म्हणते की पुरुष असते तर स्वतःची बाजू मांडण्यात वेळ न घालवता सरळ काम केलं असतं. शेवटी तिला चेटकीण ठरवून पाण्यात बुडवतात. बाई झाल्यावर डॉक्टरचं जग खरोखर कसं बदलेल, याचा नीट विचार फार थोड्या भागांत झाला, त्यातला हा एक. असे आणखी चार-पाच भाग तिला मिळाले असते तर आज आपण वेगळं बोलत असतो.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. जाताना टार्डिसच्या छपरावर यास्मिनबरोबर आइस्क्रीम खात बसली होती. मी रडले. टेनंट गेला तेव्हा तू रडला होतास तितकीच.

बिली पायपर डॉक्टर निघो न निघो, लेखन वाईट झालं तर मीच तुला आधी सांगेन आणि आपण दोघं मिळून शिव्या घालू. पण आधी ते दोन भाग पुरते बघ, मग फोन कर. रविवारी तुझ्या दुपारी केलास तर मी घरीच असते. काकूंना नमस्कार, आणि या वेळी म्हार्दोळला जाशील तेव्हा माझ्या वतीने जायांची फुलं वाहा.

तुझी,
मीरा