मूर्तिजापूरजवळच्या टायरवाल्या भाऊंना जाहीर आभार पत्र

सप्रेम नमस्कार भाऊ,

गेल्या मे महिन्यात, ऐन नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), रावेरहून रायपूरकडे केळी घेऊन निघालेली माझी दहाचाकी ट्रकगाडी आपण भर दुपारी आपल्या दुकानासमोर थांबवून ठेवलीत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. फोनवर आभार मानले तेव्हा आपण "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. आता लेखी आणि चारचौघांसमोर मानतो, म्हणजे विषय बदलता येणार नाही.

अकोल्याच्या पुढे महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे आम्हा जुन्या चालकांचा 'सहा नंबर', आता गुळगुळीत झाला आहे. लोणी ते माना या पट्ट्यात २०२२ च्या जूनमध्ये एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण विक्रमी वेळेत पूर्ण झाले, याचे कौतुक सर्वांनी वाचले आहे. मात्र रस्ता चांगला झाला की गाडीचा वेग वाढतो, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वेग, भरलेला माल व तापलेले डांबर या तिघांचा भार शेवटी टायरवरच येतो, हे आपल्याइतके स्पष्ट मला आजवर कोणी समजावून सांगितले नव्हते.

मी फक्त हवा बघून द्या म्हणालो होतो. आपल्या जागी दुसरा कोणी असता तर टायरवर टॉमी (लोखंडी पहार) आपटून, आवाज ऐकून, पाच मिनिटांत पैसे घेऊन मोकळा झाला असता. आपण मीटर लावून एकेक टायर तपासला आणि डावीकडच्या मागच्या जोडीतला आतला टायर बाहेरच्यापेक्षा पुष्कळच कमी हवेवर चालला आहे, हे दाखवून दिलेत. आतला टायर दिसत नाही, त्यामुळे त्याची हवा कोणी मोजत नाही. तो बसला की त्याच्या वाट्याचे वजन बाहेरचा उचलतो, आणि मग दोन्ही तापतात. व्हॉल्व्हची पिन गळत होती. पिन बदलून हवा भरा, माल नाशवंत आहे, असे मी म्हणालो, तेव्हा आपण साफ नकार दिलात. कमी हवेवर लांब पळालेल्या रेडियल (आत पोलादी तारा असलेल्या) टायरमध्ये न बघता हवा भरणे म्हणजे भरणाऱ्याच्या जिवाशी खेळ, कारण बाजूच्या तारा आतून तुटलेल्या असल्या तर हवा भरतानाच टायर फाटतो, असे सांगून आपण तो उतरवलात. आतून रबराचा काळा भुगा निघाला. बोटाने तो भुगा माझ्या तळहातावर ठेवून आपण म्हणालात, "हा नागपूर बघत नव्हता, भाऊ."

आपल्या दुकानात त्या मापाचे नवे टायर रचून ठेवलेले होते. त्यातला एखादा गळ्यात मारायला ती वेळ उत्तम होती. आणि असा प्रसंग मी दुसऱ्या एका महामार्गावर भोगलेलाही आहे, जिथे धडधाकट टायरला चीर पडल्याचे दाखवून दुप्पट भावात नवा विकण्यात आला. आपण माझीच स्टेपनी उतरवून तपासली, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून तिच्यात हवा भरलीत आणि तीच चढवलीत. बिलात फक्त पिन आणि मजुरी होती.

बाकीच्या टायरांत मीटर नेहमीपेक्षा दहा-पंधरा पौंड जास्त दाखवत होता. उन्हाळ्यात अशी वाढलेली हवा सोडून देण्याची आमच्याकडे पद्धतच पडून गेली आहे. आपण तिला हात लावू दिला नाहीत. तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसणारच; ती सोडली तर टायर थंड झाल्यावर कमी भरते, कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की आणखी तापतो, आणि फुटतो तो या चक्रामुळे. हे आपण माझ्या क्लीनरलाही समजेल असे सांगितलेत. तो पोरगा आता मलाच अडवतो.

टायर झाल्यावर मी निघणार, तर आपण किल्ली मागितलीत. पहाटेपासून सुकाणूवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून आपण ती मागितलीत, हे नंतर लक्षात आले. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता; २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. भाडे ठरवताना तो कोणाला आठवत नसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट झाली, पण माझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्याच्या पायाखालचे इंजिन दुपारी तसेच भाजत राहणार. अशा चालकाला सावली, बाज आणि माठातले पाणी मिळणे ही आमच्या दृष्टीने ग्राहकसेवाच होय. आपण गाडी कडुनिंबाखाली लावायला लावलीत, केळीवर वारा फिरावा म्हणून मागची ताडपत्री सैल करवलीत, मिठाचे ताक दिलेत आणि ऊन उतरेपर्यंत झोपू दिलेत.

रायपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा तो आपण स्वतः घेतलात, ही गोष्ट मला विशेष नमूद करावीशी वाटते. उशीर झाला की चालकाचे म्हणणे कोणी ऐकत नाही. सगळे त्याला बहाणा समजतात. आपण उतरवलेल्या टायरचा फोटो त्यांना पाठवलात आणि गाडी संध्याकाळी सुटेल, आता सुटणार नाही, असे शांतपणे सांगितलेत. ते कुरकुरले. माल मात्र त्यांनी पूर्ण भावाने उतरवून घेतला, भाड्यातही कपात केली नाही.

एक विनंती आहे. उन्हाळी केळीची भरती सुरू होण्यापूर्वी एक दिवस आपण रावेरला यावे आणि आमच्याकडच्या चालकांना व क्लीनर पोरांना मीटर कसा लावायचा, जोडीतला आतला टायर कसा तपासायचा, हे हातात टायर घेऊन दाखवावे. दुकान बंद ठेवल्याचे नुकसान आम्ही गाडीमालक मिळून भरून देऊ. येण्याजाण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था माझ्याकडे. तो उतरवलेला टायरही सोबत आणावा. आपण तो मोडीत घातला नसेल, अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
रावेर तालुक्यातील एक गाडीमालक व चालक