उकळत्या पाण्यावर ‘१००’ बसवून दिलेल्या प्रकाशीय तापमापकाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. मोठी बेअरिंग इंडक्शन हीटरवर तापवून शाफ्टवर चढवून देणे हे मुख्य काम. ११० अंशांच्या आसपास चढवतो, १२० च्या पुढे जाऊ देत नाही, आणि प्रत्येक नगाच्या तापमानाची नोंद पार्टीला सही करून द्यावी लागते. हीटर चालू झाला की थर्मोकपलचा (धातूच्या तारांच्या तापमापकाचा) आकडा नाचू लागतो. म्हणून धातूची तारच नसलेला, फायबरच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूच्या) टोकाला इटर्बियम आणि अर्बियम ही मूलद्रव्ये असलेले नॅनोकण बसवलेला तुमचा तापमापक घेतला.

पद्धतीबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगतो. ९८० नॅनोमीटरचा लेसर इटर्बियम शोषतो, ऊर्जा अर्बियमला देतो आणि अर्बियम हिरवा उजेड टाकतो. एक पट्टा ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा ५४५ च्या. तापमान वाढले की ५२५ चा वाटा वाढतो. दोन्हींचे गुणोत्तर मोजायचे असल्याने एकूण उजेड थोडा कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. पण तेवढ्यावरून माहितीपत्रकात ‘कॅलिब्रेशनची गरज नाही’, म्हणजे खात्रीच्या तापमानाशी आकडा जुळवून घ्यायची गरज नाही, असे छापणे चूक आहे. तापमानागणिक गुणोत्तर किती बदलेल ते अर्बियम ठरवतो. ते मुळात कितीपासून धरायचे ते तुमचे फिल्टर, फायबर आणि डिटेक्टर ठरवतात. त्यासाठी खात्रीचे एक तरी तापमान लागतेच.

नेमके तेच एक तुमच्या इंजिनिअरने चुकवले. पातेल्यात पाणी उकळले, प्रोब बुडवला आणि मशीनमध्ये १०० भरले. आमचे फोरमन तिथल्या तिथे म्हणाले, “साहेब, कोल्हापूर समुद्रकाठी नाही, इथं पाणी ९८ लाच उकळतंय.” शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे त्यांचे बरोबरच होते. उत्तर मिळाले, “उकळतंय ना? मग शंभरच.” पुढे वॉरंटीत फायबर बदलून आली, तेव्हाही फोनवर सल्ला तोच: पुन्हा पाणी उकळा.

याहून गंभीर गोष्ट लेसरची. हीटर बंद, बेअरिंग रात्रभर थंड पडलेले, शेजारी प्रमाणपत्र असलेला काचेचा तापमापक २७ दाखवतो आहे. तुमचा मात्र ३१. लेसरचा करंट वाढवला की आकडा आणखी चढतो, कमी केला की उतरतो. बेअरिंग तेच, खोली तीच. म्हणजे तुमचा लेसर प्रोबचे टोकच तापवतो आणि यंत्र त्या टोकाचे तापमान बेअरिंगच्या नावावर खपवते. पाण्यात बुडवल्यावर टोकाची उष्णता पाणी ओढून घेते, कोरड्या धातूवर तशी जात नाही. शिवाय ९८० ला पाणी स्वतःही लेसर शोषते. त्यामुळे पाण्यात केलेली जुळणी आमच्या कामाला लागू पडत नाही. करंट किती ठेवावा, कमी-कमी करत शून्याकडे नेल्यास आकडा कुठे स्थिरावतो, याबद्दल मॅन्युअलमध्ये अवाक्षर नाही.

आणि अचूकता म्हणे ‘अर्धा अंश’. शंभर अंशांपाशी हे गुणोत्तर दर अंशाला एक टक्कासुद्धा बदलत नाही. अर्ध्या अंशासाठी ते अर्ध्या टक्क्याहूनही काटेकोर मोजावे लागेल. पातेल्यावर ते होत नसते.

९८० चा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. तरीही पेटीत संरक्षक चष्मा नव्हता. आमची पोरं दिवसभर त्या टोकाजवळ वाकून काम करतात.

तरी ४० ते १२० अंशांदरम्यान किमान चार ठिकाणी, आम्ही वापरतो त्याच फायबरसह आणि त्याच लेसर करंटवर, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून प्रमाणपत्र द्यावे. येण्या-जाण्याचा खर्च तुमचा. चष्मे त्याआधी, लगेच पाठवावेत. हे जमणार नसेल तर यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे, फोन नको. तोवर वार्षिक देखभालीचे बिल आम्ही थांबवले आहे.

आपला,
एक ग्राहक
उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत, लेसर करंट आणि तापमानाच्या नोंदी, काचेच्या तापमापकाच्या प्रमाणपत्राची प्रत