देखभालीच्या स्क्रिप्टला स्वतंत्र कंटेनर द्या

महोदय,

एखादी ऑनलाइन सेवा कोलमडली की चर्चा सर्व्हरची आणि सायबर हल्ल्यांची होते. रात्री चालणाऱ्या देखभालीच्या स्क्रिप्टकडे कुणाचे लक्ष जात नाही. २०१३ मध्ये डॉकर हे साधन आल्यापासून असंख्य सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह वेगळा चालवणाऱ्या बंदिस्त जागेत, गेल्या, पण बॅकअप घेणे, जुने लॉग (कामकाजाच्या नोंदी) काढणे अशा कामांसाठी सर्व्हरच्या काळातली सवय अनेक ठिकाणी तशीच राहिली आहे: अ‍ॅप्लिकेशनच्याच कंटेनरमध्ये क्रॉन हा ठरलेल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम बसवायचा आणि निश्चिंत व्हायचे. ही पद्धत आता सोडली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

यातला खरा धोका असा, की काम फसले तरी ते कळत नाही. डेटाबेसचा पासवर्ड कंटेनरला बहुधा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला पुरवलेल्या मूल्यांमधून, मिळतो. क्रॉन मात्र आपली कामे जवळजवळ कोऱ्या वातावरणात चालवतो, त्यामुळे दिवसा हाताने चालवताना बिनचूक चाललेली स्क्रिप्ट रात्री पासवर्डअभावी अडते. त्रुटीचा संदेश क्रॉन ईमेलने पाठवू पाहतो, पण ईमेल पाठवणारी यंत्रणा कंटेनरमध्ये सहसा नसतेच, आणि डॉकरच्या लॉगमध्येही तो आपोआप उमटत नाही. त्यातच डेटाबेसचा डंप (त्यातल्या माहितीची पूर्ण प्रत) पाइपने, म्हणजे एका आज्ञेचे फलित थेट पुढच्या आज्ञेला जोडून, जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमकडे दिलेला असेल, तर डंप फसूनही जीझिप यशस्वी ठरतो आणि अवघ्या २० बाइटची रिकामी फाइल बॅकअप म्हणून जमा होत राहते. 'पाइपफेल' हा शेलचा (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पर्याय लावला तर डंपचे अपयश असे लपत नाही. तो प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच असावा.

शिवाय भार वाढला म्हणून त्याच कंटेनरच्या तीन प्रती चालवल्या, तर साफसफाईही एकाच वेळी तीनदा होते. काही जण सोयीसाठी डॉकरचे सॉकेटच, म्हणजे डॉकरला आज्ञा देण्याचा मार्गच, कंटेनरमध्ये जोडतात. असे करणे म्हणजे त्या स्क्रिप्टला होस्टचे (कंटेनर चालवणाऱ्या मूळ संगणकाचे) रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार देण्यासारखेच आहे, आणि याचे समर्थन कुठल्याही सबबीखाली करता येणार नाही.

वास्तविक उपाय अवघड नाही. त्याच इमेजवरून (ज्या साच्यातून कंटेनर तयार होतो त्यावरून), पण वेगळा आणि अल्पजीवी कंटेनर वेळापत्रकानुसार सुरू करावा, त्याने एकच काम करावे आणि एक्झिट कोड (काम यशस्वी झाले तर शून्य, नाहीतर दुसरा आकडा) देऊन संपावे, म्हणजे शून्याखेरीज कोणताही कोड आला की इशारा देता येतो. अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीमध्ये क्रॉनजॉब ही वेळापत्रकाने कामे चालवण्याची सोय २०२१ पासून स्थिर स्वरूपात उपलब्ध आहे आणि आधीची फेरी चालू असताना पुढची सुरू होऊ न देण्याची तजवीजही तिच्यात आहे; साध्या होस्टवर सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा टायमर पुरतो. सेवा चालवणाऱ्या संस्थांनी आपल्या कंटेनरमधले क्रॉन शोधून ही कामे बाहेर काढावीत आणि ठेवलेल्या बॅकअपमधून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, हे नियमितपणे तपासावे, ही विनंती.

आपला,
एक प्रणाली व्यवस्थापक