बीएमआयच्या चिठ्ठीवर २३ ची रेघ हवी

महोदय,

नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा परिसरात सकाळी फिरणाऱ्यांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिरे लागतात, ही चांगलीच गोष्ट आहे. वजनकाट्यावर उभे राहायचे, उंची सांगायची, बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, चिठ्ठी घ्यायची. पण त्या चिठ्ठीवर ‘२५ पर्यंत नॉर्मल’ छापलेले असेल, तर ती आपल्या लोकांची फसगत करते.

२५ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यातली मर्यादा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या : १८ ते २२.९ योग्य, २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा. तेवढ्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. त्यातही चरबी पोटात साठते, म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो.

हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो असेल तर १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२२५, आणि ६८ ला त्याने भागले की २४.९८. जागतिक तक्त्यात हा माणूस पास होतो, आपल्या तक्त्यात तो लठ्ठपणाला टेकलेला असतो. त्याचे योग्य वजन साधारण ४९ ते ६२ किलो.

उंची विचारून लिहू नये, मोजावी. याच माणसाने १६७ सांगितली तर आकडा २४.४ वर उतरतो. चपला काढून टाचा व पाठ भिंतीला लावाव्यात, नजर समोर ठेवावी आणि डोक्यावर पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात टेकवून खूण करावी. वजनकाटा कडक, सपाट फरशीवर हवा. सतरंजीवर किंवा गवतावर तो चुकतो. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, उपाशीपोटी करावे. नागपूरच्या मे महिन्यात फेरी संपवून लगेच काट्यावर चढणाऱ्यांना अर्धा-एक किलो उतरल्याचा आनंद होतो, पण लिटरभर घाम म्हणजेच एक किलो. ते पाणी प्यायल्यावर परत येते.

बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. व्यायामशाळेत कमावलेले शरीर तो लठ्ठ ठरवतो. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असले, तरी योग्य म्हणतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तिथे कोणी साखर तपासतच नाही. म्हणून कमर मोजलीच पाहिजे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा, पोट आत ओढू नये. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका. पँटचा नंबर हे कमरेचे माप नव्हे. पोट सुटले की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

गरोदर स्त्रियांना हा तक्ता लागू नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी वय व लिंगानुसार वेगळे आलेख आहेत, ते बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात. पायावर सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

शिबिरांच्या आयोजकांनी उंचीची पट्टी आणि शिंप्याचा टेप सोबत ठेवावा, चिठ्ठीवर २३ ची रेघ छापावी आणि कमरेसाठी एक रकाना वाढवावा. आपल्या आरोग्य पुरवणीतही भारतीय मर्यादांचा तक्ता एकदा ठळक छापावा, ही विनंती.

– एक आहारतज्ज्ञ, धंतोली, नागपूर