गहू पोचला, पण गिरणी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘पूरस्थितीसाठी धान्यसाठा सज्ज’ ही बातमी वाचली. बरं वाटलं. साठा सज्ज, गोदाम सज्ज, बैठकीचा फोटोही सज्ज. टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसल्या. एवढ्या मोठ्या बातमीत एकच गोष्ट सापडली नाही. तो गहू दळायचा कुठे?

हसण्यावारी नेऊ नका. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीनं माढा, मोहोळ, उत्तर सोलापुरात काय केलं ते वाचकांना नव्यानं सांगायला नको. लांबोटीच्या पुलाशी पुणे रस्ता बंद पडला, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. छापून आलं नाही ते पुढचं. पाणी ओसरलं, गावात गहू आला, आणि तो पिशवीतच राहिला.

पिठाची गिरणी कुणी माळावर बांधत नाही. ती गावात असते आणि गावाबरोबर बुडते. मोटारीत गाळाचं पाणी गेलं की नुसतं उन्हात ठेवून भागत नाही. ती उघडायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, वाइंडिंग भट्टीत नाहीतर बल्ब लावून दोन-दोन दिवस वाळवायचं, विजेची गळती दाखवणाऱ्या मेगरनं तपासायचं, बेअरिंग बदलायची. घाईनं बटण दाबलं की कॉइल जळते. मग रिवायंडिंग, म्हणजे नवी कॉइल गुंडाळून घेणं, आणि त्या दुकानात शेतकऱ्यांच्या पाण्यातल्या मोटारींची रांग आधीच लागलेली. मोटार सुटली तरी दगड उरतात. त्यांत पाणी मुरलेलं असतं, सुरुवातीचं पीठ लगद्यासारखं चिकटतं, ते पाच-सात किलो दळून टाकूनच द्यावं लागतं. हे सगळं थ्री-फेज आली तर. घरात दिवा लागला म्हणजे गिरणीला वीज आली असं नसतं. घरघंटी ज्यांच्याकडे होती त्यांची घरघंटीही त्याच पाण्यात होती.

म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात दहा किलो गहू हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या दृष्टीनं शासनानं तिला काय दिलं? चावायला गहू दिले.

सोबत तांदूळ असतो, भात करता येतो, असं कुणी तरी म्हणेल. करता येतो की! त्याला गॅसची टाकी लागते, ती वाहून गेली. चुलीला लाकूड लागतं, ते भिजलं. काडीपेटी लागते, ती जाहीर होणाऱ्या यादीत नसते. मीठही नसतं. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या पुरात कुटुंबामागे १० किलो गहू आणि १० किलो तांदळाचा आदेश निघाला, २०२१ला त्यात तूरडाळ आणि रॉकेल जोडलं गेलं. इतक्या वर्षांत ज्या माणसानं ही यादी केली त्याला एकदाही बिनमिठाचं जेवावं लागलेलं दिसत नाही.

त्या २०१९च्या आदेशातली अट आठवते ना? क्षेत्र दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तर मदत. गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. घरातलं ज्वारीचं पोतं भिजायला दोन तास पुरतात. दोन-तीन दिवसांत तिला मोड येतात, मग आंबूस वास सुटतो. ती माणसाला चालत नाही आणि जनावराला घालायलाही धजावत नाही कुणी, कारण ज्वारीच्या कोवळ्या मोडात विष असतं हे आपल्याकडे पोरालाही माहीत आहे. सीनेचं पाणी झटक्यात चढतं नि झटक्यात उतरतं. ‘किती तास होतं’ यापेक्षा ‘कोठीत किती वर चढलं’ हे पंचनाम्यात लिहिलं तर उपयोग. भिंतीवरची गाळाची रेघ महिनाभर दिसते. तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं, पंचनाम्याचा कागद मात्र आहे तोच.

आता वाटप. चारशे उंबऱ्यांचं गाव धरा. दहा-दहा किलोप्रमाणे चार टन गहू, चार टन तांदूळ. पन्नास किलोची १६० पोती. पूल बंद असला की ट्रक अलीकडेच थांबतो, पुढं ट्रॅक्टर-ट्रॉलीनं तीन खेपा. गावात पोतं फोडून प्रत्येकाला दोनदा मापायचं, म्हणजे ८०० मापं. एका मापाला दीड मिनिट धरलं तरी वीस तास. एका काट्यावर, पावसात, छत गळत असताना. यात चूक कुणाची नसते, पण संध्याकाळी तळाची पोती ओली निघतात, कारण खाली फळ्या किंवा ताडपत्री न टाकता ती थेट फरशीवर थप्पी मारलेली असतात. शेवटच्या पन्नास घरांना मग तोच ओलसर तांदूळ. गोदामातच मे महिन्यात दहा-दहा किलोच्या शिवलेल्या पिशव्या भरून ठेवल्या तर हे वीस तास तीन तासांवर येतात. त्याला नवीन योजना लागत नाही, सुतळी आणि दाभण लागतो.

‘कुटुंब’ हे माप आणखी एक विनोद. तीन भाऊ, तीन चुली, अकरा माणसं, पण कार्ड एक. त्यांना वीस किलो. शेजारी नवरा-बायको, दोघंच. त्यांनाही वीस किलो. अन्नसुरक्षा कायद्याच्या माणशी पाच किलोच्या हिशेबानं पहिल्या घराला ते अकरा दिवस पुरतं, दुसऱ्याला दोन महिने. विभक्त कार्डाचा अर्ज पावसाळ्याआधी करा, असं तुमच्या अंकात एकदा तरी चौकटीत येऊ द्या.

ई-पॉसबद्दल, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या यंत्राबद्दल, लिहावं तेवढं थोडं. टॉवर बंद, मशीनची बॅटरी संपलेली, आणि चार दिवस पाण्यात राहिलेला अंगठा सुरकुतलेला, तो यंत्राला ओळखू येत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांची बोटं तर एरवीही उमटत नाहीत, त्यांना कुणी तरी विचारा. पुराचं मोफत धान्य हा महिन्याच्या कोट्याचा भाग नाही. ते वहीवर, सही-अंगठ्यावर, यादीप्रमाणे वाटता येतं. पण दुकानदाराला लेखी आदेश हवा असतो, कारण नंतर साठा जुळला नाही तर वसुली त्याच्याकडून होते. तोंडी ‘वाटून टाका’ म्हणणारे साहेब वसुलीच्या दिवशी रजेवर असतात. दुकानदारांवर आम्ही सगळेच तुटून पडतो, इथं मात्र त्यांचं बरोबर आहे.

ज्यांचं कार्डच वाहून गेलं त्यांनी घाबरू नये. आधार क्रमांकावरून बारा आकडी शिधापत्रिका क्रमांक निघतो, दुकानातल्या यादीतही तो असतो. आपलं दुकान बुडालं असेल तर महिन्याचा कोटा दुसऱ्या गावच्या दुकानातही उचलता येतो. तिथला दुकानदार ‘तुमचं नाव माझ्याकडे नाही’ म्हणतो. खरी अडचण नावाची नसते. त्याला धान्य त्याच्या कार्डांपुरतंच आलेलं असतं, बाहेरचे वीस जण आले की त्याच्या गावातले वीस जण रिकामे परततात. उंचावरच्या, न बुडणाऱ्या गावांतल्या दुकानांना जादा धान्य आधीच मंजूर करा, मग बघा तो नाही म्हणतो का. तरीही कुणी परत पाठवलं तर १९६७ला तक्रार करायची आणि तक्रार क्रमांक कार्डाच्या मागं लिहून ठेवायचा. नुसतं ‘फोन केला होता’ याला कुणी विचारत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. पहिले चार दिवस धान्य देऊ नका. त्या चार दिवसांत लागतं ते विस्तवाशिवाय आणि गिरणीशिवाय खाता येणारं अन्न. ते शोधायला कुठं अभ्यासदौरा काढायला नको, ते सोलापूरच्या दर चौथ्या गल्लीत भाजलं जातं. कडक भाकरी! पातळ थापलेली, तव्यावरून काढून पुन्हा निखाऱ्यावर नाहीतर मंद आचेवर कुरकुरीत केलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कोरड्या हवेत दोन-तीन महिने सहज टिकते. वर शेंगाचटणी. तिला ना फ्रिज लागतो ना फोडणी. पुण्या-मुंबईच्या दुकानांत आपण ती पाकिटात घालून विकतो, आणि वीस किलोमीटरवर पूर आला की तिथं गव्हाचं पोतं पाठवतो.

यात अडचणी आहेत, त्या लपवायचं कारण नाही. दमट हवा लागली की कडक भाकरी तासाभरात वातड होते. म्हणून ती कागदात नको, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बंद करून, पाच-पाचच्या पाकिटात हवी. मोठी चळत एका पिशवीत दिली तर पहिल्याच जेवणाला पिशवी उघडते आणि उरलेल्या मऊ पडतात. ट्रॉलीत खाली रचल्या तर भुगा होतो, भुगाही खाता येतो पण वाटताना भांडणं होतात. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि लहान लेकरांना ती चालत नाही. त्यांना पोहे द्या, गार पाण्यातही भिजतात. चुरमुरे आणि गूळ द्या. आणि पाणी. कोरडी भाकरी नि तिखट चटणी खाऊन माणूस गाळाचं पाणी पिणार असेल तर चौथ्या दिवशी जुलाबाची साथ. विहिरी बुडालेल्या असतात, तेव्हा प्रत्येक खेपेत पाण्याचे जार भाकरीच्या आधी चढवा, सोबत पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या.

भाकरी भाजणाऱ्या बचत गटांशी दर आत्ताच ठरवून घ्यावा, पूर आल्यावर नको. पूर आल्यावर ज्वारीही महागते आणि शेंगदाणेही. मागणी आली की अमुक तासांत इतकी पाकिटं, पैसे इतक्या दिवसांत, एवढा कागद पुरे. पैसे मात्र वेळेवर द्यावेत. गटातल्या बायका उधारीवर एकदा भाजतील, दुसऱ्यांदा पीठ मळणार नाहीत.

शिजवलेलं अन्न देणाऱ्यांनाही एक विनंती. गरम खिचडी लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की ती घामेजते आणि दुपारची संध्याकाळी आंबते. भावना कितीही ताजी असली तरी वरण-भात ताजा राहत नाही. आणि गाडीवर गावाचं नाव लिहून निघा. नाहीतर रस्त्यालगतचं पहिलं गाव तुमची गाडी रिकामी करतं, तिथं पुऱ्यांचे ढीग लागतात आणि आतल्या वस्तीवर माणूस उपाशी. वर जुन्या साड्या आणि फाटके स्वेटर. असो.

जाता जाता दुसरी तक्रार, थेट तुमच्याविषयी. पुराच्या दिवसांत तुम्ही रोज क्युसेक, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं ते, छापता. सीना कोळेगावातून इतके, चांदणीतून इतके, खासापुरीतून इतके. आकडे मोठे असतात, वाचताना भीतीही वाटते, पण सीनाकाठच्या तिऱ्हे गावच्या माणसाला त्यातून काय कळावं? उजनीचं पाणी भीमेला येतं, त्याची निदान सवय आहे. सीनेचं पाणी नगर, बीड, धाराशिवच्या पावसावर आणि या तीन-चार धरणांवर चालतं, मधले ओढे वेगळे. क्युसेकच्या आकड्याशेजारी एवढंच छापा की इतक्या विसर्गाला कोणता पूल बंद होतो, पाणी तिथं पोचायला किती तास लागतात आणि कोणत्या वस्तीनं धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढवाव्यात. माहिती पाटबंधारेवाल्यांकडे असते. मागावी लागते.

आणि छापणारच असाल तर सोन्याच्या जाहिरातीच्या खाली, पान सातवर नको. गेल्या वेळी तिथंच होतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
उत्तर सोलापूर