धरणावरची मासेमारी सहल : दराआधी परतीची वेळ विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी झाली की गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांवर बोटीतून गळाने मासे धरायला जाण्याचे बेत ठरू लागतात. वाटाड्या, बोट, रॉड, न्याहारी, सगळ्याचा मिळून दर विचारला जातो. बोट काठाला किती वाजता लागणार, हे मात्र कुणी विचारत नाही. फाल्गुन-चैत्रात पहिला प्रश्न तोच हवा.

सकाळी पाणी निवांत असतं. जमीन तापली की पश्चिमेचा वारा धरतो. गंगापूरच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर, त्याला आडवं काही नाही, त्यामुळे धरणाच्या भिंतीकडे येईपर्यंत लाट चांगली उठते. सपाट बुडाची फायबर बोट त्या लाटेवर आपटते, आणि लागलेला मासा बघायला तिघे एकाच कडेला वाकले की कलते. उजाडता निघावं, साडेदहाच्या आत परतावं. जो वाटाड्या ‘अजून तासभर थांबू’ म्हणतो, तो गिऱ्हाईक सांभाळतो, बोट नाही. लाइफ जॅकेट बसायला उशी म्हणून नसतं. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढलं तर ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये.

दुसरी गोष्ट तळाची. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरल्या वेळी द्यायचं पाणी, सुटलं की पातळी उतरते. गेल्या आठवड्यात बारा फूट पाणी होतं तिथे आता बाभळीचे बुंधे, जुन्या शेतांचे दगडी बांध आणि तुटकी जाळी इंजिनाच्या पंख्याच्या उंचीला आलेली असतात. त्यामुळे जीपीएसमधल्या जुन्या खुणेवर भरवसा नको, खोली दर वेळी नव्याने मोजावी. पंख्यात जाळं गुंतलं तर आधी इंजिन बंद, मग ते वर उचलायचं आणि त्यानंतरच हात घालायचा. ओढली की इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या मनगटाला हवी, इंजिनालाच गुंडाळलेली नको. नांगराची दोरी खोलीच्या निदान तिप्पट सोडावी आणि बांधावी ती पुढच्या टोकाला. मागून बांधली तर लाट थेट आत येते. पाणी उतरल्यावर पेरल्या जाणाऱ्या गाळपेर जमिनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या केबल पाण्यात असतात. तिथे नांगर टाकू नये, गळही फेकू नये. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. म्हणूनच वळवाचं गडगडणं ऐकू आलं की रॉड आडवे ठेवून थेट काठ गाठावा.

आता मासा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळाला आमिष टाकून कटल्याची वाट बघणाऱ्यांची सकाळ फुकट जाते. त्याच्यासाठी लाईनवरच्या तरंगाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) चार-पाच फुटांवर आमिष टांगावं. पाणी उतरू लागलं की मोठा मासा उथळ सोडून जुन्या नदीपात्राच्या कडेला सरतो, बोटही तिथेच लावावी. आमिषाला दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड आणि एक वाटी कणीक, पाणी बेताने. गोळा सैल झाला तर फेकतानाच सुटतो, घट्ट झाला तर मासा ओढतो पण गळ गोळ्यातून बाहेर येऊन लागत नाही. लाईन आठ किलोची ओढ सोसणारी असेल तर रीळचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाईन सोडणारा ब्रेक, दोन-अडीच किलोला सुटेल असा वजनकाट्याने मोजून लावावा. अंदाजाने आवळलेल्या ड्रॅगमुळेच पहिल्या धावेत लाईन तुटते.

कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्या या दिवसांत पावसाळ्यातल्या विणीसाठी अंडी भरू लागतात. त्या सोडाव्यात. चिलापी मात्र खुशाल घरी न्यावी; १९५२ मध्ये परदेशातून आणलेला तो मासा आता कमी व्हायची भीती नाही. सोडायच्या माशाला ओले हात, बिनगाठीची जाळी आणि टोकाला उलटा काटा नसलेला गळ हवा. फोटोसाठी मिनिटापेक्षा जास्त वेळ नको. २० अंशाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. दमलेला मासा म्हणूनच मे महिन्यात सोडूनही मरतो. वैशाख लागला की या सहली थांबवाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गंगापूरचं पाणी शहर पितं. जळकं तेल पाण्यात सोडणारं टू-स्ट्रोक इंजिन तिथे नकोच. फोर-स्ट्रोक किंवा बॅटरीची मोटर चालते. मासा जमवायला पोतंभर पेंड ओतणंही बंद व्हावं. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तर तिची लेखी संमती आणि शुल्काची पावती बोटीत असावी. त्यांच्या जाळ्याच्या तरंगांना बोट बांधणं हा तर निव्वळ आगाऊपणा.

जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी मिळून बोटीच्या धक्क्यावर एक फलक लावावा : आजची पातळी, पुढच्या आवर्तनाची तारीख, बोटीमागे किती माणसं आणि परतीची वेळ. पातळी रोज सकाळी खडूने बदलली तरी पुरे.

– गळाने मासे धरणारे काही वाचक, नाशिक